भिशीची किल्ली दुसऱ्या हाती देताना

आमच्या पुस्तक-भिशीच्या कपाटाची किल्ली जून १९९५ पासून माझ्या पर्समध्ये होती. गेल्या वर्षी ती मी दुसऱ्या हाती दिली. द्यायला मिनिटभर लागलं, त्याआधीच्या तयारीला जवळपास दीड वर्ष. त्या दीड वर्षात जे केलं, जे उशिरा सुचलं आणि जे चुकलं, ते सगळं इथे लिहिते आहे. तुमचं भजनी मंडळ असेल, सकाळी कमाटी बागेत फिरणाऱ्यांचा गट असेल, भरतकामाचं मंडळ असेल किंवा नाट्यवाचनाचं. वर्षानुवर्षं ते एकाच माणसाने सांभाळलेलं असेल आणि त्या माणसाची सत्तरी उलटली असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल. ज्यांच्या हाती असं मंडळ येऊ घातलंय त्यांनीही वाचावं, त्यांच्यासाठी पुढे थोडं वेगळं लिहिलंय.

आमची भिशी अशी होती. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी चार वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या पुढच्या खोलीत आम्ही २६ जणी जमायचो. प्रत्येकीने १०० रुपये द्यायचे (सुरुवातीला २० होते), चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिने त्या २,६०० रुपयांची आपल्या आवडीची पुस्तकं आणायची. ती वर्षभर सगळ्यांच्या घरी फिरणार आणि मग निवडणारीकडे कायमची जाणार. शिवाय देणगीत आलेली चारेकशे पुस्तकं कपाटात. नोंदणी नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. अशा साध्या मांडणीचं हस्तांतरण सोपं असेल असं मला वाटायचं. उलट होतं. कागदावर काही नसल्यामुळे सगळं माझ्या डोक्यात होतं.

सुरुवात कधी करायची

पाय चालतायत तोवर. २०२२ च्या पावसाळ्यात माझं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तीन महिने घरात होते. ते तीन महिने भिशी बंद राहिली. कोणी आळशी नव्हतं. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे ते माझ्या वहीत, वही माझ्या उशाशी, आणि आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा म्हणून कोणी विचारलं नाही. मला तेव्हा आतून थोडं बरंही वाटलं होतं, की माझ्याशिवाय चालत नाही. उठून परत गेले तेव्हा कळलं, दोघींची सवय तेवढ्यात सुटली होती. त्या पुन्हा आल्या नाहीत.

म्हणून किमान एक वर्ष हातात ठेवा. वर्षच का, तर प्रत्येक गावाचं वर्ष वेगळं असतं आणि ते नव्या माणसाने एकदा तुमच्यासोबत पूर्ण बघायला हवं. आमच्याकडे १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, त्या आठवड्यात बैठक ठेवायची नाही. नवरात्रात रात्री गरब्याहून उशिरा आलेल्या बायका दुपारी चारला येत नाहीत. दिवाळीनंतर लाभपंचमीपर्यंत पुस्तकांचं दुकान बंद, त्यामुळे त्या महिन्याची चिठ्ठी आधी काढावी लागते. मे महिन्यात निम्म्या जणी मुलांकडे पुण्या-मुंबईला. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाकडे बघून ठरवायचं. हे सांगून लक्षात राहत नाही, एकदा अडलं की राहतं.

आधी महिनाभर फक्त टिपून ठेवा

मी एका दुपारी कागद घेऊन बसले आणि मी भिशीसाठी काय काय करते त्याची यादी केली. नऊ कामं निघाली. मग तो कागद फ्रिजवर लावला आणि पुढचा महिनाभर जे काम हातून होईल ते त्याच वेळी त्यावर लिहीत गेले. महिनाअखेर ३७ कामं झाली. आठवून लिहिलेली यादी आणि करता करता लिहिलेली यादी यांत जे अंतर पडतं, तेच खरं तर तुम्हाला पुढच्या माणसाला द्यायचं असतं.

नंतर वाढलेल्या त्या २८ कामांमधली काही सांगते. वाड्याच्या मालकीणबाई खोलीचं भाडं घेत नाहीत. दिवाळीत फराळाचा डबा त्यांच्याकडे आधी जातो आणि नवी पुस्तकं आली की पहिलं पुस्तक त्यांना विचारून देतात. एका सदस्येला बारीक अक्षर दिसत नाही, तिच्यासाठी मोठ्या टायपातलं पुस्तक आधी बाजूला काढून ठेवायचं. दोघी जणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. कारण आता त्यांनाही नीट सांगता येणार नाही, पण पुस्तकांच्या फेरीत त्यांची नावं लागोपाठ येऊ द्यायची नाहीत, मध्ये तिसरी हवी. एका मावशींचे यजमान गेल्यापासून त्यांचे १०० रुपये मी कधी मागितले नाहीत. वहीत भरले म्हणून नोंद आहे.

यातलं शेवटचं लिहून ठेवायचं का, यावर मी बरेच दिवस विचार केला. मी लिहिलं नाही. माणसांच्या अडचणी, भांडणं, आजार या गोष्टी तोंडी सांगाव्या, एकाच माणसाला आणि त्या मावशींना आधी विचारून. मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, पण वहीत आहे तसंच राहू दे." ते तसंच आहे.

आणि सगळ्यात मोठं काम यादीत सगळ्यात शेवटी आलं, कारण ते मला काम वाटतच नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी दिवे लागले की मी फोन घेऊन बसायचे. लागोपाठ दोन बैठका चुकवलेल्या प्रत्येकीला एक फोन. कधी दोन असायचे, कधी सहा. आमची भिशी पुस्तकांवर चालते असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. ती त्या बुधवारच्या फोनांवर चालत होती.

फोन करण्याचीही रीत आहे. "का गं, आली नाहीस?" असं कधी विचारू नये. त्याचं उत्तर सबबीचं येतं आणि सबब दिलेलं माणूस पुढच्या वेळी यायला लाजतं. मी विचारायचे, "तुझ्याकडचं पुस्तक कसं आहे?" मग बोलता बोलता कळायचं, की गुडघा सुजलाय, सुनेला दिवस गेलेत, रिक्षावाला शंभर मागतो. रिक्षाचा प्रश्न असेल तर शेजारून येणारीला सांगून सुटतो. तुमच्या मंडळात असा फोन कोण करतं ते शोधा. कोणीच करत नसेल, तर हस्तांतरणाआधी आजपासून तो सुरू करा.

कोणाला द्यायचं

आपल्याकडे पहिल्यांदा ज्येष्ठतेचा विचार होतो. तुमच्यानंतर वयाने मोठी कोण, तिचा मान. मान जरूर द्या, चिठ्ठी तिच्या हाताने काढा, पण ७६ व्या वर्षी मी ७३ वर्षांच्या बाईच्या हाती किल्ली दिली असती तर दोन वर्षांनी हेच सगळं पुन्हा करावं लागलं असतं, आणि तिच्यावर तो अन्यायच. आपल्या मुलीला-सुनेला द्यायचा मोहही टाळावा. तिला नाही म्हणता येत नाही आणि बाकीच्यांना तिच्याबद्दल तुमच्यापाशी तक्रार करता येत नाही.

बैठकीत सगळ्यात छान बोलणारी व्यक्ती या कामाला योग्य असेलच असं नाही. मी दुसरंच बघायला लागले. बैठक संपल्यावर सतरंजीचं दुसरं टोक कोण धरतं? आज कोण आलं नाही हे कोणाच्या लक्षात येतं? आमच्या भिशीत एक ४४ वर्षांची सदस्या आहे, माहेर गुजराती, दुसऱ्या एका मराठी घरात सून म्हणून आलेली. गुजराती आणि देवनागरी अक्षरं बरीचशी सारखी, डोक्यावरची रेघ तेवढी वेगळी. तिने मराठी वाचन त्या बळावर घरीच शिकून घेतलं. सुरुवातीला ओळीवर बोट ठेवून वाचायची. एका गुरुवारी सतरंजी घडी करताना तिने मला विचारलं, "काकू, त्या खिडकीपाशी बसतात त्या मावशी आज का नाही आल्या?" २६ जणींत हे तिने एकटीनेच विचारलं होतं.

मात्र तिला विचारण्याआधी मी एक मोठी चूक करून बसले होते. दुसऱ्याच एका सदस्येला मी भर बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं, "आता पुढचं तू बघ." टाळ्या वाजल्या. ती हसली, हो म्हणाली आणि पुढच्या महिन्यापासून यायचीच बंद झाली. चारचौघांत विचारणं म्हणजे विचारणं नव्हेच. तिची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. ती आता पुन्हा येते.

तर असं विचारा: एकटीला, तिच्या घरी, तिच्या सोयीच्या वेळी. महिन्याला किती तास लागतात ते मोजून सांगा. माझ्या फ्रिजवरच्या कागदावरून हिशेब केला तर साधारण अकरा तास होत होते. "काही विशेष नसतं गं" असं म्हणू नका, ते खोटं आहे आणि तिला दुसऱ्याच महिन्यात कळतं. मुदत सांगा, एक वर्ष, मग पुन्हा बोलू. आणि नाही म्हणालीस तरी आपलं नातं आहे तसंच राहील हे शब्दांत सांगा, गृहीत धरू नका.

शक्यतो दोघींना द्या. एका माणसाने तीस वर्षं ओढलेलं काम दुसऱ्या एकाच माणसाने ओढावं ही अपेक्षा मला आता चुकीची वाटते. आमच्याकडे माणसं आणि पुस्तकं सतरंजी घडी करणाऱ्या त्या सुनेकडे, पैसे आणि वह्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. एकीला ताप आला तरी भिशी होते.

पैसे, पुस्तकं, किल्ल्या, फोन

पैशांत सगळ्यात आधी बघा, की तुम्ही पदरचं किती घालताय. चहा, साखर, पुस्तकांना घालायचे खाकी कागद, रिक्षाभाडं, कोणाच्या आजारपणात न्यायची फळं. मी कधी मोजलंच नव्हतं. मोजलं तेव्हा महिन्याला सातशेच्या आसपास निघालं. मी हौसेने करत होते, पण पुढच्या माणसाला ती हौस परवडेल कशावरून? हस्तांतरणाच्या आधी सहा महिने मी हा खर्च उघडा केला आणि प्रत्येकीने दरमहा ३० रुपये वेगळे द्यायचे ठरलं. कुरकुर झाली, ती माझ्या अंगावर झाली. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात वर्गणी वाढवली असती तर ती कुरकुर तिच्या वाट्याला आली असती. अप्रिय निर्णय जाणाऱ्यानेच घेऊन जावे असं माझं ठाम मत आहे.

बडोद्याच्या माणसाला हे नवं वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये राज्यभर ग्रंथालयांची चळवळ सुरू केली. गावातल्या लोकांनी आधी वर्गणी जमवायची, मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत (म्हणजे जिल्ह्याची पंचायत) देणार आणि तेवढीच सरकार. राजा देतोय म्हणून फुकट नाही. लोकांचा वाटा असल्यामुळे ग्रंथालय लोकांचं राहिलं.

मंडळाचे पैसे स्वतःच्या बचत खात्यात ठेवू नका. माणूस गेलं की ते पैसे घरच्यांच्या वारसाहक्काच्या कागदपत्रांत अडकतात, आणि दुःखात असलेल्या मुलाकडे जाऊन "त्यातले अकरा हजार आमचे" म्हणण्याची वेळ कोणावर येऊ नये. लहान मंडळाला सोपा उपाय म्हणजे दोघींच्या नावाने वेगळं संयुक्त खातं, आयदर ऑर सर्व्हायव्हर पद्धतीचं, म्हणजे दोघींपैकी कोणीही किंवा मागे राहील ती व्यवहार करू शकते. सोबत सगळ्यांच्या सह्यांचा एक कागद, की या खात्यातली रक्कम मंडळाची आहे. वर्गणी मोबाइलवर घेत असाल तर तो नंबरही त्याच खात्याला जोडा. तुमचं मंडळ नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट असेल तर गोष्ट वेगळी. गुजरातेत विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत फेरफार रिपोर्ट द्यावा लागतो. बदल झाल्यावर वकील शोधत बसू नका, आधीच विचारून ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ॲडमिन ठेवू नका, निदान तिघी हव्यात. एकटी ॲडमिन ग्रुप सोडून गेली तर व्हॉट्सॲप दुसऱ्या कोणाला तरी आपोआप ॲडमिन करतं, ती कोण असेल ते तुमच्या हातात नसतं. आणि सगळ्यांचे नंबर कागदावरही लिहून ठेवा. आमच्यातल्या चौघींकडे अजून साधा फोन आहे, ग्रुपवर टाकलेला निरोप त्यांना पोचतच नाही.

वह्या-पुस्तकांचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. आमची देणगीतली एक पेटी नदीच्या बाजूला राहणाऱ्या सदस्येच्या तळमजल्यावर होती, तिच्यात १९९५ ते २००३ च्या वह्या. त्यांचा लगदा झाला. कोणी कोणती पुस्तकं निवडली होती, पहिल्या वर्षीच्या कोण कोण, त्यातल्या सात जणी आज नाहीत, त्यांची अक्षरं त्या वह्यांत होती. त्या आठवड्यात मी फार रडले. हस्तांतरण निम्म्यावर आलेलं होतं आणि वह्यांचे फोटो काढायचं काम मी "पावसाळ्यानंतर बघू" म्हणून पुढे ढकललं होतं. कृपा करून ढकलू नका. जुन्या वहीचं प्रत्येक पान मोबाइलने टिपा, तिघींच्या फोनमध्ये ठेवा आणि वह्या पहिल्या मजल्यावर न्या.

पुस्तकं देताना एकदा सगळी कपाटाबाहेर काढा, दाखलवहीशी ताडून बघा. आम्हाला दोन दिवस लागले. कसर लागलेली वेगळी केली, बाकीची कोवळ्या उन्हात पसरली, वेखंडाच्या पुरचुंड्या घालून परत लावली. ६१ पुस्तकं वहीत होती, कपाटात नव्हती. त्यांची चौकशी करत बसले नाही. मी लाल शाईने आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली. नवीन माणसाला जुनी उधारी वसूल करायला लावू नये.

सोबत, मग मागे, मग बाहेर

पहिले तीन महिने मी आणि त्या सुनेने सगळं मिळून केलं, बुधवारचे फोनसुद्धा. मी फोन लावायचे, ती शेजारी बसून ऐकायची. पुढच्या महिन्यात उलट. पुढचे तीन महिने बैठक ती घ्यायची आणि मी मागे बसायचे. मागे म्हणजे खरोखर मागे, दाराशी. पुढे बसले की सगळ्या माझ्या तोंडाकडे बघून बोलायच्या. कोणी मला काही विचारलं की मी तिच्याकडे बोट करायचे. याची सवय व्हायला मला वेळ लागला. उत्तर जिभेवर असायचं.

मग एक महिना मी मुद्दाम पुण्याला बहिणीकडे गेले. भिशीच्या दिवशी फोन बंद ठेवला. परत आल्यावर कळलं, की चहाची भांडी ज्या फडताळात असतात त्याची किल्ली माझ्यासोबत पुण्याला गेली होती. त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला आणि सगळं पार पडलं. तुमच्या यादीत काय राहून गेलंय हे तुम्ही हजर असताना कळणार नाही, म्हणून हा महिना चुकवू नका.

सयाजीराव महाराजांनी ग्रंथालयांसाठी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना आणलं. ते १९१० ते १९१३ अशी तीनच वर्षं इथे होते. त्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली आणि सोबत इथल्या माणसांना शिकवण्याचा वर्गही चालवला. ते परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी काम पुढे नेलं. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात मी कॉलेजात असल्यापासून जाते आहे. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, तिच्यातून उजेड एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जातो. आल्या दिवसापासूनच शिकवायला घेतलं तर तीन वर्षांतही एवढं देऊन जाता येतं. मी तीस वर्षांतली साडेअठ्ठावीस वर्षं कोणाला काही शिकवलंच नव्हतं.

बदल होतील, ते होऊ द्या

आता अवघड भाग. कामं वाटून देणं सोपं आहे. निर्णय देणं अवघड. पुष्कळ मंडळांत किल्ली तरुण माणसाकडे असते आणि प्रत्येक गोष्ट जुन्या माणसाला विचारून होते. त्याला मी हस्तांतरण म्हणत नाही. नवी माणसं अशा व्यवस्थेत वर्षभर टिकतात आणि काही न बोलता निघून जातात.

तिने पहिला बदल केला तो वाराचा. गुरुवार दुपारऐवजी दुसरा रविवार, सकाळी दहा. माझ्या गळी हे अजिबात उतरेना. रविवारी सकाळी घरात माणसं असतात, स्वयंपाक असतो. दोघी जुन्या सदस्या याच कारणाने थांबल्या आणि त्यातली एक माझी अगदी जवळची. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं होतं, तेव्हाची गोष्ट मला आठवली. त्यानंतर सात-आठ जणी आमच्याकडे चौकशी करून गेल्या होत्या. सगळ्या नोकरी करणाऱ्या. गुरुवारी दुपारी चार ऐकून एकही टिकली नाही, आणि मी तेव्हा म्हटलं होतं, आजकाल वाचनाची आवड कोणाला आहे! आवड होती, सुट्टी नव्हती. रविवार झाल्यावर सहा महिन्यांत पाच नव्या आल्या. थांबलेल्या दोघींकडे पुस्तकं आता घरपोच जातात. माझी मैत्रीण मात्र बैठकीला येत नाही याचं दुःख मला आहे आणि ते राहील.

दुसरा बदल भाषेचा. इथे वाढलेली आपली मुलं घरात मराठी बोलतात, शाळा गुजराती किंवा इंग्रजी. वाचताना अडखळतात, मग लाजतात, मग वाचतच नाहीत. तिने ठरवलं, चिठ्ठी निघेल तिने चारातलं एक पुस्तक गुजराती आणलं तरी चालेल, आणि बैठकीत दहा मिनिटं मोठ्याने वाचन करायचं, ज्याला त्याला जमेल तसं. माझ्या मनात आलं, की मराठी वाचत राहावं म्हणूनच तर हे सुरू केलं होतं! रात्रभर झोप आली नाही. सकाळी उठून तिला फोन करायला घेतला आणि ठेवला. मी जर नको म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, आणि त्या दिवशी भिशी पुन्हा माझी झाली असती.

पहिल्या मोठ्याने वाचनाला एका सदस्येचा १९ वर्षांचा मुलगा आला. एक परिच्छेद वाचायला त्याला पाच मिनिटं लागली. कोणी हसलं नाही, कोणी शब्द पुरवला नाही, सगळ्या थांबून राहिल्या. संपल्यावर त्याने विचारलं, हे पुस्तक घरी नेऊ का.

कोणता बदल अजिबात चालणार नाही हे मात्र जाण्याआधी सांगून ठेवावं, आणि अशा गोष्टी दोनच्या वर नसाव्या. माझ्या दोन होत्या: पैसे नाहीत म्हणून कोणाला बाहेर ठेवायचं नाही, आणि बुधवारचा फोन (आता शनिवारचा) सुटू द्यायचा नाही. बाकी सगळं तिचं.

प्रत्यक्ष देण्याचा दिवस

लहान ठेवा. सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं यांत सगळं लक्ष जाणाऱ्यावर राहतं आणि नवं माणूस कोपऱ्यात उभं. मी किल्ली दिली, वही दिली, शिल्लक रक्कम मोठ्याने वाचून दाखवली, दोघींनी सही केली. हिरवा चिवडा आणि चहा झाला. पण त्या आठवड्यात नव्या दोघींना सोबत घेऊन वाड्याच्या मालकीणबाईंकडे आणि पुस्तकवाल्याकडे स्वतः जाऊन आले. ओळख फोनवर होत नाही.

हाती घेणाऱ्यांसाठी

पहिले तीन महिने काही बदलू नका, फक्त बघा. मग बदला आणि आधीच्या माणसाची परवानगी मागू नका, मात्र ग्रुपवर जाहीर करण्याआधी त्यांना एक फोन करा. बातमी दुसऱ्याकडून कळणं फार लागतं. महिन्यातून एकदा त्यांना एखादी जुनी गोष्ट विचारा, अमुक मावशी पहिल्यांदा कशा आल्या, असं काहीतरी. ती माहिती तुम्हाला लागेलच, आणि सांगताना त्यांना आनंद होतो. आणि जमत नसेल तर सहाव्या महिन्यात तसं सांगा, बाराव्यात नको.

कोणीच तयार नसेल तर

असंही होतं आणि त्यात कोणाचा दोष नसतो. मग मंडळ हळूहळू विरू देण्यापेक्षा नीट बंद करा. तीन महिने आधी तारीख सांगा. शिल्लक रकमेचं काय करायचं ते सगळ्यांनी ठरवा. पुस्तकं, पेटी, टाळ, जे असेल ते कोणाला हवं ते आधी सदस्यांना विचारा, मग एखाद्या शाळेला किंवा ग्रंथालयाला. न विचारता गोणी भरून नेऊन टाकू नका. शेवटची बैठक घ्या, सगळ्यांचा फोटो काढा. फोनची यादी मात्र फाडू नका, फोन करायला मंडळ लागत नाही.

दिल्यानंतर

सदस्या तुम्हाला फोन करून नव्या माणसाबद्दल सांगतील. पहिल्या दोन महिन्यांत मला असे नऊ-दहा फोन आले. प्रत्येकीला मी एकच सांगितलं, "हे तिला सांग, ती ऐकते." त्यात भर घालायची नाही, नुसता हुंकारही भरायचा नाही.

मोकळ्या झालेल्या दुपारींचं काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. मी ठरवलं नव्हतं. पहिले काही गुरुवार चार वाजता मी उगीच साडी बदलून बसायचे. मग एका शेजारणीच्या नातीला मराठी वाचायला शिकवायला घेतलं, गुरुवारी चारलाच.

या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे माझ्या दोन बैठका लागोपाठ चुकल्या. शनिवारी संध्याकाळी दिवे लागले होते, फोन वाजला. "काकू, तुमच्याकडचं पुस्तक कसं आहे?" मी तिला सांगितलं, की पुस्तक चांगलं आहे, पण अक्षर फार बारीक आहे, वीस पानांच्या पुढे सरकत नाही. पुढच्या महिन्याच्या फेरीत माझ्या नावापुढे मोठ्या टायपातलं पुस्तक लिहिलेलं होतं.